भायखळ्याच्या शाळेची कुळकथा

कल्याण-डोंबिवलीकडून मुंबईस नित्य जाणाऱ्या मनुष्यास भायखळा हें स्थानक नवें नाहीं. गाडी थांबते, माणसें उतरतात, माणसें चढतात, आणि आपण पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतों. या भायखळ्यास एक शाळा आहे. तिचें नांव ख्राइस्ट चर्च स्कूल. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींनीं ती काढली. मुलगे आणि मुली तेथें एकत्र शिकतात व संध्याकाळीं आपापल्या घरीं जातात. त्या शाळेच्या पूर्वपीठिकेविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी स्वतः मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य ठाण्यांत खडू-फळ्याच्या सोबतींत गेलेलें. अशा मनुष्यानें इंग्रजी शाळेची कथा कां सांगावी, अशी शंका कोणासही येईल. कारण थोडें घरगुती आहे. माझी नात डोंबिवलीस एका इंग्रजी शाळेंत सहावींत शिकते. मागल्या दिवाळींत ती मला म्हणाली, "आजोबा, मॉनिटर, घंटा, प्रार्थना हें सगळें तुमच्या मराठी शाळेनें आमच्या शाळांचें पाहूनच घेतलें ना?" मुलीच्या मनांत तुच्छता मुळींच नव्हती. सूर्य पूर्वेस उगवतो तितक्या सहजपणें ती बोलली. मला मात्र चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां मी तीनशें वर्षें मागें गेलों, आणि वाटेंत माझें ठाणेंही मला भेटलें.

या शाळेचें मूळ इ. स. १७१८ मध्यें आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री म्हणून रिचर्ड कॉब हा गृहस्थ १७१४ सालीं मुंबईस आला. कोटांत इंग्रजांचें देऊळ बांधावयाचें काम अनेक वर्षें अर्धवट पडलें होतें. कॉबनें वर्गणी जमवून तें पुरें केलें, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशीं सेंट थॉमस चर्चमध्यें पहिली उपासना झाली. त्याच सुमारास चर्चच्या जवळच्या एका घरांत त्यानें एक धर्मार्थ शाळा काढली. मुलें बारा, आणि मास्तर एक. मुलांना राहणें, जेवणखाण, कपडे आणि विद्या या चारही गोष्टी तेथें फुकट मिळत. ज्या मास्तरानें एकट्यानें चार वर्ग सांभाळले आहेत, त्याला या एकाकी मास्तराविषयीं आपुलकी वाटल्यावांचून राहणार नाहीं.

कॉबची शाळा पुढें शंभर वर्षें जेमतेम चालली. मुंबई मात्र वाढत गेली. शिपाई, खलाशी व कारकून यांची मुलें रस्त्यावर वाढूं लागलीं. कित्येकांचे बाप लढाईंत किंवा तापानें मेलेले, कित्येकांच्या आया एतद्देशीय, आणि अशांना जवळ करण्यास दोन्हीकडचे लोक नाखूष. १८१४ सालीं कलकत्त्यास हिंदुस्थानचा पहिला अँग्लिकन बिशप नेमला गेला आणि त्याच्या हाताखालीं मुंबईस आर्चडीकन म्हणून जॉर्ज बार्न्स आला. त्यानें या मुलांची दशा पाहिली, सभा बोलाविली, आणि २९ जानेवारी १८१५ रोजीं एक मंडळी स्थापन केली. मुंबई इलाख्यांतील गरिबांच्या शिक्षणास उत्तेजन देणारी मंडळी असें तिचें लांबलचक नांव. लोकांच्या तोंडीं तें 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' असें सुटसुटीत झालें. कॉबची शाळा या मंडळीनें आपल्या हातीं घेतली. वसतिगृहांत थोडीं मुलें ठेविलीं, आणि घरून ये-जा करणारीं पुष्कळ घेतलीं. मुलींच्याही शिक्षणाची सोय केली.

आतां माझ्या नातीच्या मॉनिटरकडे वळूं. बार्न्सच्या मंडळीनें जी अध्यापनपद्धति स्वीकारली तिला 'मद्रास पद्धति' म्हणत. अँड्र्यू बेल नांवाचा पाद्री मद्रासेजवळ एग्मोर येथें सैनिकांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवीत असे. मास्तर थोडे, मुलें फार, आणि मास्तरांचें कामांत मन नाहीं, अशी त्याची अडचण. १७८९ च्या सुमारास एका देशी शाळेवरून जातांना त्याला दिसलें कीं, मुलें जमिनीवर वाळू पसरून तींत बोटानें अक्षरें गिरवीत आहेत. बेलनें वाळूंतलें लिहिणें आपल्या शाळेंत आणलें, आणि तें शिकविण्याचें काम मोठ्या मुलांवर सोंपविलें. ही युक्ति इतकी साधली कीं, विलायतेस परत गेल्यावर १७९७ सालीं त्यानें तिच्यावर पुस्तक लिहिलें. १८११ सालीं इंग्लंडच्या चर्चनें गरिबांच्या शाळांसाठीं जी राष्ट्रीय संस्था काढली, तिनें हीच पद्धति शेंकडों शाळांतून चालू केली. तेथून ती आर्चडीकनसाहेबांबरोबर मुंबईस परत आली.

श्रोतेहो, धूळपाटी आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हती काय? पंतोजींच्या ओटीवरच्या शाळेंत ओनामा धूळपाटीवरच होई. पावकी, निमकी, सवाई, दिडकीचा परवचा एक थोराड मुलगा म्हणे, आणि बाकीचीं पोरें त्याच्यामागून घोष करीत. पंतोजी तेवढ्यांत हिशेबाचा एखादा कागद पुरा करून घेत. मोठ्यानें धाकट्याला शिकवावें ही रीत गरिबींतून निघालेली होती. ती या देशानें साहेबाला दाखविली, साहेबानें तिला शिस्त लावली, छापील नियम केले, आणि नवा झगा घालून ती आपल्याकडे परत पाठविली. मॉनिटर हा आपलाच मुलगा, विलायत पाहून आलेला. या पद्धतींत पाठांतर फार आणि समज कमी, हा तिचा दोष खरा. पण तो पंतोजींच्या शाळेंतही होताच.

या मंडळीनें मुंबईच्या बाहेर शाळा काढण्याचें योजिलें, तेव्हां सुरतेबरोबर ठाण्याचीही निवड झाली. हें १८१७ च्या सुमाराचें. ठाणेंच कां, असें कोणी विचारील. ठाण्याचा किल्ला डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं मराठ्यांपासून घेतला होता. तेव्हांपासून तें लष्करी ठाणें बनलें. गोरे शिपाई, त्यांचीं कुटुंबें, कचेऱ्या, तुरुंग, सर्व कांहीं तेथें होतें. जून १८१७ च्या पुणें येथील तहानें कल्याणसुद्धां उत्तर कोंकण पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेलें, आणि ठाण्याचें महत्त्व आणखी वाढलें.

त्याच्या आदल्याच वर्षीं या किल्ल्यांत एक मौजेची गोष्ट घडली होती. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनीं ठाण्यास कैदेंत ठेविलें होतें. पहारा गोऱ्या शिपायांचा. सांगतात कीं, एक मराठा मोतद्दार खिडकीखालीं घोड्याची चाकरी करतां करतां गाणें म्हणे, आणि त्या गाण्यांतच पळून जाण्याचा सगळा बेत गुंफलेला असे. पहारेकऱ्यांना सूर ऐकूं येई, अर्थ कळत नसे. सप्टेंबर १८१६ मध्यें त्रिंबकजी निसटले. ही हकीकत बिशप रेजिनाल्ड हेबर यांनीं आपल्या प्रवासवृत्तांत नोंदविली आहे. याच हेबरसाहेबांनीं जुलै १८२५ मध्यें ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा प्रतिष्ठाविधि केला. तें चर्च अद्याप उभें आहे. ज्या मातींत आपण राहतों, तिची भाषा न कळल्यास किती मोल द्यावें लागतें, याचा याहून चांगला धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नसेल. हा धडा विसरूं नका, पुढें त्याचें काम आहे.

मंडळीच्या शाळा मुख्यतः युरोपियन व अर्धयुरोपियन मुलांसाठीं होत्या, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. धर्मशिक्षण हा त्यांचा पाया होता. परंतु एतद्देशीय मुलांना मज्जाव नव्हता, आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ शिकण्याची सक्ती त्यांच्यावर केली जात नसे. ही सवलत पाहून हिंदु, पारशी व मुसलमान मुलें येऊं लागलीं. १८२० पर्यंत खास देशी मुलांसाठीं चार शाळा चालू झाल्या, व त्यांत सुमारें अडीचशें मुलें होतीं. तेव्हां मंडळीच्या ध्यानांत आलें कीं, हें काम मोठें आहे आणि त्याला मराठी व गुजराती पुस्तकें लागणार. १८२० च्या ऑगस्टमध्यें त्यासाठीं एक निराळी समिति नेमण्यांत आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. १८२२ सालीं ती समिति मूळ मंडळीपासून विभक्त झाली व स्वतंत्र संस्था बनली. १८२७ पासून तिला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणूं लागले.

माझ्या मतें या कथेचा कणा हाच आहे. एकाच मंडळीच्या पोटीं दोन शाखा निघाल्या. थोरली भायखळ्यास गेली आणि इंग्रजीच राहिली. धाकटीनें मराठी व गुजराती हातीं धरली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे त्या धाकट्या संस्थेचे चिटणीस, आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे देशी चिटणीस. छत्र्यांचीं 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' हीं पुस्तकें १८२८ सालचीं. जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत सिद्ध केलीं. १८२६ सालीं संस्थेनें चोवीस मास्तर तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविले, त्यांत चौदा मराठीचे व दहा गुजरातीचे होते. आमच्या धंद्याचे ते मूळपुरुष. मी आयुष्यभर ज्या हजेरीपटावर सही केली, त्याची पहिली ओळ त्या चोवीसांनीं लिहिली, असें मी समजतों.

थोरल्या शाखेकडे येऊं. कोटांतली जागा अपुरी पडूं लागल्यामुळें हवेशीर असें भायखळा निवडण्यांत आलें, आणि १८२५ सालीं नव्या इमारतींत शाळा सुरू झाली. पुढील दशकांत त्याच आवारांत ख्राइस्ट चर्च बांधलें गेलें. तें शाळेचें होतें तसेंच भायखळ्यांतील रहिवाशांचेंही होतें. शाळेचें आवार म्हणजे भिंतींनीं वेढलेली जमीन एवढेंच नव्हे. पोरक्या मुलाचें तें घर, अंगण आणि गांव असतें. जेवणाची, अभ्यासाची, प्रार्थनेची आणि निजण्याची घंटा एकच, आणि आजारी पडल्यास उशाशीं बसणारेंही शाळेचेंच माणूस.

या मंडळीचा भायखळ्यास एक छापखानाही होता. एज्युकेशन सोसायटीचा छापखाना म्हणून तो विद्वानांस सुपरिचित होता. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति सरकारसाठीं याच छापखान्यांत छापली गेली. मराठीचा एखादा जुना शब्द अडला म्हणजे आजही अभ्यासक तो कोश उघडतात. मुखपृष्ठाच्या पाठीमागें कोणाचें नांव आहे, तें बहुधा कोणी पाहत नाहीं. दोन शाखा वेगळ्या झाल्या खऱ्या, पण मुळें जमिनीखालीं एकमेकांस धरून होतीं.

दरम्यान आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी भायखळ्यावरून एकवीस मैल धांवत ठाण्यास पोंचली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. या गाडीनें व्यापार वाढला, हें सगळे सांगतात. शाळेच्या दृष्टीनें तिनें आणखी एक गोष्ट केली. शाळा आणि घर यांमधील अंतर ती मैलांऐवजीं मिनिटांत मोजूं लागली. घरीं राहून दूरच्या शाळेंत शिकणारें मूल ही गोष्ट आगगाडीनेंच सुलभ केली.

वसतिगृहाच्या मुलांना मात्र मुंबईची हवा सोसेना. शहर वाढलें, भायखळ्याचा हवेशीरपणा गिरण्यांच्या धुरांत गेला. मंडळीचे एक संचालक सर रेजिनाल्ड स्पेन्स आणि शाळेचे मुख्याध्यापक हेग-ब्राउन यांना वाटलें कीं, शाळा घाटावर न्यावी. नाशिकजवळ देवळालीस अडीचशें एकरांहून अधिक जमीन घेतली गेली, १७ नोव्हेंबर १९२३ रोजीं कोनशिला बसली, आणि २९ जानेवारी १९२५ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें नव्या शाळेचें उद्घाटन झालें. मंडळीच्या स्थापनेचा तो एकशेंदहावा वाढदिवस होता. शाळेस आर्चडीकन बार्न्स यांचें नांव देण्यांत आलें. वसतिगृहाचीं मुलें देवळालीस गेलीं. घरून ये-जा करणारीं मुलें भायखळ्याच्या जुन्या इमारतींतच राहिलीं, आणि तीच आजची ख्राइस्ट चर्च स्कूल. अवघ्या पांच दिवसांनीं, ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी सुरू झाली. वसतिगृह घाटावर गेलें आणि त्याच आठवड्यांत रोज ये-जा करणाऱ्यांचा काळ अधिक वेगानें सुरू झाला, असा हा योगायोग आहे.

गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. इंग्रजी अमदानींत अशा शाळा युरोपियनांच्या म्हणून गणल्या जात, त्यांचे नियम निराळे असत, आणि एतद्देशीय मुलांना तेथें मर्यादित संख्येनेंच प्रवेश मिळे. गरिबांसाठीं निघालेली संस्था हळूहळू प्रतिष्ठेचें चिन्ह बनली. हा बदल कोणीं ठरवून केला नाहीं, इंग्रजीच्या मोलानें तो घडविला. स्वराज्यानंतर ते निर्बंध गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं अँग्लिकन आणि इतर कांहीं प्रॉटेस्टंट पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हां 'अँग्लिकन' हा शब्दही येथें इतिहासाकडे वळला. आज त्या वर्गांत सर्व धर्मांचीं मुलें-मुली एका बांकावर बसतात. बारा मुलांच्या शाळेनें एवढा पल्ला गांठला, हें लहान काम नव्हे. मुलींच्या शिक्षणाचें श्रेय मात्र सगळें तिकडे देऊं नये. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं जी शाळा काढली, तिला पाठबळ फार थोडें होतें आणि विरोध मात्र घरापासून होता.

आतां तो ठाण्याच्या किल्ल्यांतला धडा. १८४० सालीं सरकारनें शिक्षणमंडळ नेमलें, आणि त्या दशकांत मोठा वाद माजला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें, उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. त्यांच्याविरुद्ध मातृभाषेचा पक्ष घेऊन उभे राहिले ते जगन्नाथ शंकरशेट आणि तेच जर्व्हिससाहेब, आतां कर्नल झालेले. जर्व्हिसचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, परक्या भाषेंतून मूठभरांना विद्या मिळेल, सर्व लोकांना मिळणार नाहीं. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें इंग्रज न्यायाधीशासमोर मराठीची वकिली करावी, आणि पावणेदोनशें वर्षांनंतर मराठी घरांतच तिला वकील मिळूं नये, हें मला बोचतें.

तें केवळ तत्त्व म्हणून बोचत नाहीं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं माझ्या वर्गांत चौपन्न मुलें होतीं. शेवटच्या वर्षीं अकरा होतीं. कॉबच्या बारांहून एक कमी. बाकावर बसलेल्या त्या अकरांत एकही मूल मंद नव्हतें. ज्यांना दुसरीकडची फी परवडत नव्हती, त्यांचीं तीं मुलें होतीं. म्हणजे तीनशें वर्षांनीं चक्र उलटें फिरलें. इंग्रजी शाळा गरिबांसाठीं निघाली आणि संपन्नांची झाली. मराठी शाळा सर्वांसाठीं निघाली आणि गरिबांपुरती उरली. आणि यांत माझ्याही घरचा हात आहे, हें मी लपवीत नाहीं. माझ्या मुलानें आपल्या मुलीला इंग्रजी शाळेंत घातलें, तेव्हां मी मास्तर असूनही गप्प राहिलों. तिच्या भविष्याशीं आपण खेळूं नये, असें मला वाटलें. ती चूक होती कीं नव्हती, याचा निकाल मला अजून देतां येत नाहीं.

पण एवढें मला आतां निश्चित कळतें कीं, या दोन शाळा एकमेकींच्या वैरिणी म्हणून जन्मल्या नाहींत. ज्या मंडळीनें इंग्रजी शाळा चालविली, तिच्याच समितींतून मराठी शाळेची वाट निघाली. तिच्याच छापखान्यानें आमचा कोश छापला. तिच्या वर्गांतली पद्धति आमच्या धूळपाटीवरून गेलेली होती. घेतां-देतां दोघींचीं अंगणें एक झालीं होतीं. भिंत नंतर आली, आणि ती आपण आपल्या हातांनीं रोज एक वीट उंच करीत आहों.

मीं नातीला हें सगळें सांगितलें. मॉनिटर आपल्याच ओटीवरून गेला, हें ऐकून तिला फार गंमत वाटली. मग तिनें विचारलें, "आजोबा, तो घोडेवाला काय गाणें म्हणत होता?" मीं म्हटलें, "मराठींतलें होतें, म्हणून तर पहारेकऱ्यांना कळलें नाहीं." ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मला कळलें असतें का?"

श्रोतेहो, त्या दिवसापासून रविवारीं दुपारीं आम्ही दोघें एक तास मराठी वाचतों. ती वाचते, मी ऐकतों, आणि अडेल तेथें तो भायखळ्यास छापलेला जुना कोश उघडतों. आपल्या घरींही एखादें असें मूल असेल, तर आठवड्यांतला एक तास त्याला द्यावा, एवढीच एका निवृत्त मास्तराची विनंती आहे.